दाराच्या फळीचे दोन इंच

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय — म्हणजे बघा, यातही भित्रेपणाच.

मी वरोऱ्यात गणित शिकवतो. माझी बायको शोभा घरी ब्लाउज शिवायची; अर्ध्या मोहल्ल्याची मापं तिला तोंडपाठ. तिच्या वडिलांचं जुनं घर पाडलं, तेव्हा भावांनी तिला सागाच्या दाराची एक फळी दिली, कडीच्या भोकासकट. वडिलांची तेवढीच खूण. खिडकीखाली, दोन भिंतींच्या मध्ये ती बसवायची, त्यावर कापड बेतायचं — आणि सुताराला न बोलावता आपण दोघांनीच करायचं, ही तिची हौस. मोबाइलवर बघून बघून शिकली. रंधा मारला, घासली, पॉलिश आणून ठेवलं.

करवत मात्र मी घेतली. आमच्या सागवनाच्या भागात जन्मलं की सागातलं सगळं कळतं, असा प्रत्येक पुरुषाचा समज असतो ना! तिनं निळ्या खडूनं रेघ मारली होती. मी हसलो. शिलाईच्या टेपनं लाकूड मोजतात का कुठं? माझी लोखंडी टेप काढली. तिचं टोक तुटलेलं, पहिले दोन इंच गायब. त्या टेपनं खूण करताना दोन इंच वाढवून धरायचे असतात. भिंतींमधलं अंतर मोजताना मी ते दोन इंच वजा केले, फळीवर खूण करताना मात्र वाढवून धरले नाहीत. गणिताचा मास्तर!

शोभा पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाचं माप घेत होती. मी फळी कापली, लावून बघितली — पलीकडच्या भिंतीवरच्या आधारापर्यंत पोचेना. आणि हातातल्या तुकड्यावर, कापलेल्या कडेपासून बरोबर दोन इंचांवर, तिची निळी रेघ.

अंगणात आंघोळीचं पाणी तापत होतं. तो तुकडा मी चुलीत सारला.

"काऊन जी, आखूड कशी झाली? मी तं दोनदा मोजलं होतं."

"तुझ्याच रेघेवर कापली. ब्लाउजची टेप ती, खोटीच असणार."

"आन् तो तुकडा कुठी हाय?"

"चुलीत. लोणचं घालणार होतीस का त्याचं?"

भिंत आणि फळी तिनं एकाच टेपनं मोजली होती. टेप खोटी असती तरी फळी बसलीच असती. हे मला त्याच क्षणी कळत होतं. तिला का सुचलं नाही? सांगणारा गणिताचा मास्तर होता ना.

त्या पाण्यानं मी आंघोळ केली.

फळी खाली ठोकळा लावून तशीच बसवली. पुढं पाहुणा आला की मी तिच्या टोकाची फट दाखवायचो — "आमच्या बाईसाहेबांचं माप, भाऊ, दोन इंच सोडून धरा!" पाहुणे हसायचे. तीही हसायची. मला चहा जास्त गोड लागायचा.

तिनं नवी टेप आणली. एकेक माप तीन-तीनदा घ्यायला लागली. मग ब्लाउज ढगळ बेतू लागली, चुकायला नको म्हणून. बायका कुरकुरल्या, येईनाशा झाल्या. एक दिवस तिनं मशीनवर चादर टाकली. ती अजून तशीच आहे.

गेल्या महिन्यात मुलीच्या लग्नाचे ब्लाउज बाजारातल्या शिंपिणीकडं टाकले. शोभा बाजूला उभी राहून बघत होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बरोबर घेतलं ना जी तिनं माप? मले तं काई समजत नाई त्यातलं."

मी म्हणालो, "हो, बरोबर आहे."