अक्कांचं बटण

टीव्ही वाहिन्यांचे टीआरपीचे आकडे गुरुवारी यायचे. सोलापुरातल्या एका दैनिकात मनोरंजनाचं पान माझ्याकडे होतं. कोणती मालिका वर गेली, कोणती घसरली, हा मजकूर मी दर आठवड्याला चार परिच्छेदांत बसवायचे. आकडे येतात कुठून, याचा विचार मात्र पहिली दोन वर्षं केला नव्हता. काही निवडक घरांत कोण काय बघतं ते नोंदवणारी एक पेटी टीव्हीला जोडलेली असते आणि ती घरं गुप्त ठेवतात, एवढंच माहीत होतं. त्यातलं एक घर माझ्या भाड्याच्या खोलीच्या खालीच निघालं.

घरमालकीणबाई विड्या वळायच्या. घर तेलुगू, गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणायचे. गिरणी बंद झाल्यापासून त्यांचे यजमान, म्हणजे काका, घरीच असत. माझं काम चारला सुरू व्हायचं, त्यामुळे दुपारी मी खाली जाऊन बसायचे. एक वाजता एका विनोदी मालिकेचा आदल्या दिवशीचा भाग पुन्हा लागायचा. एक सोसायटी, तिची समिती, आणि काहीच न जमणारा सेक्रेटरी. अक्का मांडीवर सूप घेऊन टीव्हीकडे पाठ करून बसत, कारण उजेड दारातून यायचा. पान, तंबाखू, दोरा. नजर हातावरून हलायची नाही. टीव्हीसमोरच्या खुर्चीत काका झोपलेले असत. मालिकेत मागून भरलेला हशा ऐकू आला की अक्का विचारत, "का हसले ओ?"

"पडला," काका डोळे न उघडता सांगत.

"कोन?"

"सेक्रेटरी."

"रोज कसा पडतो की हा."

बहुतेक वेळा कुणी पडलेलं नसे.

आकडे वर गेले नाहीत तर ही मालिका दिवाळीच्या आधी बंद होईल, अशी बातमी आली. ती मीच छापली आणि काकांनी ती अक्कांना वाचून दाखवली. अक्कांना ती लागली. "हिच्यावर माझा हात चालतो," त्या म्हणाल्या. "रडकं लागलं की हात जड होतो." त्यानंतर दर शुक्रवारी मी खाली गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"आपलं वर गेलं का?"

"नाही, अक्का."

अशा तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी टीव्हीवरचं कापड बाजूला करून पेटी दाखवली. "हे कुनाला सांगू नको म्हनलेत. पन आता तूच सांग. आमच्याकडं हे असून आपलं खाली का?"

पेटीसोबत एक छोटा रिमोट होता. घरातल्या प्रत्येक माणसाला त्यावर एक नंबर. बघायला बसलं की आपला नंबर दाबायचा, उठताना पुन्हा दाबायचा.

"तुम्ही कोणता दाबता?"

"एक. ह्यांचा."

"आणि तुमचा?"

"मी कुटं बघते? मी ऐकते. खोटं कसं दाबायचं?"

म्हणजे त्या घरातून झोपलेल्या माणसाची नोंद जात होती. एकही वाक्य न सोडणाऱ्या बाईची जात नव्हती.

तुमचंही बटण दाबा, असं मी म्हणायला हवं होतं, असं आज कुणाला वाटेल. मला तसं म्हणता येत नव्हतं. जे आकडे मी छापत होते, त्यांच्यातल्या एका घराला बटण कसं वापरायचं हे मी शिकवलं असतं, तर तो आमच्या धंद्यात गैरप्रकार ठरला असता. मशीन तपासायला माणूस येतो त्याला विचारा, एवढंच मी सांगितलं. तो यायला आणखी तीन आठवडे लागले. मालिका तोवर आणखी खाली गेली होती.

तो आला तेव्हा मी जिन्यातच होते. अक्कांनी त्याला चहा दिला आणि विचारलं.

"टीव्ही चालू आहे आणि तुम्ही खोलीत बसलाय ना?" तो म्हणाला. "मग दाबायचं."

"पाठ असली तरी?"

"असली तरी."

"आनि हे झोपतात ते?"

त्याने काकांकडे पाहिलं. "झोपले असतील तर नको."

"मी झोपत नाही," काका डोळे न उघडता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एक वाजता अक्कांनी हात पुसून आपला नंबर दाबला, काकांचा बंद केला, आणि मग सूप मांडीवर घेतलं. रोज असंच चाललं. एका घराने आकडा हलत नाही, हे मला माहीत होतं. त्यांना सांगितलं नाही. महिनाअखेरीला मालिका बंद झाली. मुंबईत तो निर्णय मशीन तपासणारा माणूस येण्याआधीच झाला होता, हे मला नंतर कळलं.

एक वाजता आता एका कौटुंबिक मालिकेचा जुना भाग लागायचा. पहिल्याच दुपारी त्यात कुणीतरी रडत होतं. अक्कांनी टीव्ही बंद केला नाही. अगदी शांत घरातही त्यांचा हात चालत नसे. पण रिमोट उचलून त्यांनी आपला नंबर बंद केला.

"अक्का, खोलीत असलं की दाबायचं, म्हणाला होता तो."

"हे मी ऐकत न्हाय," दोरा गुंडाळत त्या म्हणाल्या. "नुसतं कानावर पडतंय."

काकांचा नंबर आधीच बंद होता. त्या दुपारपासून त्या घराची एक वाजताची नोंद अशी जात राहिली: टीव्ही चालू, खोलीत कुणी नाही.