हरीशेठ, आधी बॅटरी मग पॅनल

हरीशेठ गेले. मला वाईट वाटलेलं नाही.

कालपासून सगळ्यांच्या वॉलवर 'देवमाणूस' आणि 'राहनाळचा आधारवड' चाललंय. चालू द्या. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मलाही शिकवलंय. पण ही माझी वॉल आहे. कमेंटमध्ये शहाणपण शिकवायला येऊ नका.

नवीन फ्रेंड्ससाठी सांगतो. मी मिलिंद, वायरमन.

चार वर्षांपूर्वी लोडशेडिंगने भिवंडीची पार वाट लावली होती. लाइट इतके तास जायची की इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज व्हायलाच वेळ मिळायचा नाही. हरीशेठच्या घराखाली त्यांच्या गोडाऊनचं ऑफिस. तिथे सोलर बसवायचं काम मला मिळालं. माझ्या स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम.

आजूबाजूच्या पाच गोडाऊनवाल्यांनी सांगून ठेवलं होतं, शेठकडे नीट चाललं की आमच्याकडे ये.

बायकोने माझ्या नावाचा बोर्डसुद्धा रंगवून आणला.

दोन पॅनल, एक मोठी बॅटरी आणि मध्ये चार्ज कंट्रोलर. कंट्रोलर म्हणजे पंगतीतला शहाणा वाढपी. पोट भरलं की वाढायचं थांबवतो. तो चुकला तर बॅटरी उकळून मरते.

"दहा अँपियरचा घे. वीसवाला कशाला?" शेठ म्हणाले.

"शेठ, दोन पॅनल मिळून साडेनऊ अँपियर येतात. दहाचा म्हणजे काठोकाठ. मेच्या उन्हात टिकणार नाही."

"तुला लय कलतं."

मी हट्ट सोडला नाही, वीसचाच आणायला लावला. बॅटरी पाणी घालावं लागणाऱ्या प्रकारची होती, म्हणून कंट्रोलरवर सेटिंगही त्याच बॅटरीचं केलं. ॲसिडची वाफ लागू नये म्हणून तो बॅटरीच्या वर न लावता बाजूच्या भिंतीवर लावला. वायर जाड आणि जमेल तेवढी आखूड.

आणि शेठना तीनदा सांगितलं. आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. काढताना उलटं.

कारण हा कंट्रोलर समोरची बॅटरी पाहून ठरवतो, बारा व्होल्टची आहे की चोवीसची. आधी पॅनल जोडलं तर उन्हातले वीस-एकवीस व्होल्ट पाहून त्याला वाटतं, चोवीसचीच असणार. मग बाराची बॅटरी तो भरतच बसतो.

पावसाळाभर सिस्टम मस्त चालली. मग दसरा आला.

दसऱ्याला आपल्याकडे पान्यापासून ट्रकपर्यंत सगळं धुऊन पुसून पुजतात. शेठनी बॅटरीही काढायला लावली. आमच्याकडे त्या दिवशी विहारात वंदना असते. मी ती अर्धी सोडून पांढऱ्या शर्टातच गेलो. आधी पॅनलची वायर सोडली, मग बॅटरीची. सगळं बरोबर.

बॅटरी पुसून झाली. हळद-कुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. जोडायला म्हणून मी पाना घेऊन पुढे झालो.

"तू भायेर थांब. पूजेची हाय. मी लावतो."

मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. तिथूनच ओरडलो, "शेठ, आधी बॅटरी! मग पॅनल!"

"आता तू मना शिकवनार?"

मी निघताना शेठनी आपट्याचं सोनं दिलं. माझ्या हातात नाही ठेवलं, वरून टाकलं. मी ते घरी नेलं नाही.

आठ-दहा दिवसांत ऑफिसात ॲसिडचा वास सुटला. बॅटरी फुगून बाद झाली. मी जाऊन पाहिलं आणि सांगितलं, शेठ, जोडताना उलटं झालंय.

त्याच संध्याकाळी नाक्यावर चहाच्या टपरीपुढे, सगळे गोडाऊनवाले बसलेले असताना शेठ म्हणाले,

"त्याचे हाताला गुण न्हाय."

ज्या हाताला बॅटरी लावू दिली नाही, त्याच हाताला गुण नाही!

पाचातल्या एकानेही मला नंतर बोलावलं नाही. बोर्ड खाटेखाली गेला. मी गावात लूमच्या कारखान्यात मेंटेनन्सच्या ड्युटीला लागलो. शिफ्ट करून आलो की बायको तो बोर्ड पुसायची, परत आत सरकवायची. तिने कधी काही विचारलं नाही. त्याचा मला जास्त राग यायचा.

काल शेठ गेल्यावर त्यांच्या मुलाचा फोन आला. माणसं जमलीत, लाइट गेलीय, इन्व्हर्टर नुसता ओरडतोय, आणि त्यांचा कल्याणचा वायरमन फोन उचलत नाही.

गेलो. का गेलो, मला विचारू नका.

बॅटरीचे टर्मिनल पांढरे पडले होते. आणि कंट्रोलरच्या वर एक कागद चिकटवलेला होता. अक्षर शेठचं.

'आधी बॅटरी. मग पॅनल. काढताना उलटं.'

जुन्या कॅलेंडरचं पान होतं. कोपरा उचलून मागे पाहिलं. त्याच वर्षीचा दिवाळीचा महिना.

म्हणजे महिना सरून पान फाडलं तेव्हाच, माझी बॅटरी बाद झाल्यावर महिन्याभरातच शेठना कळलं होतं. भिंतीवर लिहिता आलं. त्याच टपरीवर पुढची चार वर्षं चहा प्यायले, तिथे एकदा बोलता आलं नाही.

मुलगा म्हणाला, "हे पप्पांनीच शोधून काढलेलं. त्यांना यातलं सगलं कलायचं."

मी मान हलवली. मयताच्या घरी वाद घालत नाहीत.

आधी पॅनल सोडलं, मग बॅटरी. टर्मिनल घासले. दोन्ही हातांनी बॅटरी जागेवर बसवली. आधी बॅटरी जोडली, मग पॅनल. या वेळी कोणी बाहेर थांब म्हणालं नाही. वर घरात पंखा फिरला, रडणाऱ्या बायकांना वारा लागला.

मार्कर माझ्या खिशात असतोच. त्या कागदाखाली लिहून आलो,

'सांगणारा: मिलिंद वायरमन.'

बोर्ड आज सकाळी बाहेर काढलाय.

हरीशेठ, तुमच्या घरी लाइट आहे. 'भावपूर्ण' लिहायला माझा हात होत नाही. नुसती श्रद्धांजली घ्या, आणि जा.