थोरकिलने परत आणलेला फोटो-प्रोग्राम

थोरकिल ब्येरे चाळीस वर्षं डेअरीत दुधाचं तापमान बघत होता. निवृत्त झाल्यावर बघायला तापमान उरलं नाही, म्हणून तो आमच्या गावच्या इतिहास-संग्रहात आला. तिथे आम्ही पाचजण दर बुधवारी जमतो, कॉफी पितो आणि जुन्या फोटोंतली माणसं ओळखतो. कॉफी मी करते. ती पातळ असते असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी घरून पिऊन यावं.

माणसं खरी ओळखतात त्या एकट्या गुद्रुनबाई. वय एक्क्याण्णव, एकाच डोळ्याने दिसतं. पस्तीस वर्षं त्यांनी सायकलवरून टपाल वाटलं, त्यामुळे चर्चपासून स्टेशनपर्यंतची घरं त्यांच्या डोक्यात ओळीने बसलेली. थोरकिलने तीनशे फोटोंना टपालाच्या वाटेप्रमाणेच आकडे दिले होते. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो एकेक फोटो पुढे सरकवी, आणि बाई मनातल्या मनात सायकल मारत नावं सांगत. "ही गिरणीवाल्याची इंगर. मागे तिचा दीर. कुत्रं चावरं होतं, दीरही."

फेब्रुवारीत संगणकाने स्वतःला नवं करून घेतलं. कुणाला विचारलं नाही. पुढच्या बुधवारी फोटो उघडले ते नव्याच प्रोग्राममध्ये. त्याने आमचे आकडे बाजूला सारून, कुठला फोटो आम्ही कधी संगणकात घातला त्या तारखांनी ओळ लावली. चर्चशेजारच्या घरानंतर एकदम स्टेशन, मग गिरणी, मग पुन्हा चर्च. बाई चाचपडायला लागल्या. पाचव्या फोटोत त्यांनी पाद्र्याच्या बायकोला खाटीक म्हटलं.

"मशीन बिघडलंय, बाई," थोरकिल म्हणाला. "तुमचं डोकं ठणठणीत आहे."

इथेच चुकलं. आमच्या डेन्मार्कच्या या पश्चिम टोकाला, जटलंडमध्ये, कुणी गोड बोललं की ऐकणारा समजतो, आपले दिवस भरले.

"माझी समजूत काढू नकोस," बाई म्हणाल्या आणि कप तसाच ठेवून घरी गेल्या.

दोन दिवसांनी त्यांची मुलगी लोने मला दुकानात भेटली. "आईने स्वतःच डॉक्टरांना फोन केला. पुढच्या गुरुवारी स्मरणशक्तीची तपासणी, मग वृद्धाश्रमाचा अर्ज. म्हणते, आता एकटीने राहायला नको." मला रडू आलं. चीजच्या फळीसमोर उभी राहून मी रडले. बाकीच्यांनी चीज बघितलं.

थोरकिलचा मुलगा ऑर्हुस शहरात संगणकाचंच काम करतो. "त्याला विचार की," मी म्हटलं.

"कशाला? त्याला त्याची कामं आहेत."

म्हणजे पोरापुढे हात पसरायचे नाहीत. त्याने वाचनालयातून चार पानं छापून आणली. त्यांत लिहिलं होतं की जुना प्रोग्राम कुठे गेलेला नाही, संगणकाच्या पोटातच आहे. फक्त त्याच्याकडे जायची वाट बुजवली आहे. ती मोकळी करायला आतल्या नोंदींत काही ओळी भराव्या लागतात. थोरकिल डेअरीचा पांढरा कोट घालून बसला. एक ओळ टाइप करायची, पानावर पेन्सिलने खूण करायची, हात धुवून यायचं. हात कशाला, ते मी विचारलं नाही. सोमवारी सगळे फोटो चित्रं रंगवायच्या प्रोग्राममध्ये उघडले आणि जुन्या हेडमास्तरांच्या टकलावर हिरवी रेघ पडली. मंगळवारी दुपारी यादीत जुन्या प्रोग्रामचं नाव दिसलं. 'नेहमी यातच उघडा' यावर त्याने खूण केली. पडदा फिकट झाला, खाली ओळखीचे दोन बाण आले, आणि बाण दाबताच चर्चच्या पुढचंच घर.

"चालतंय," थोरकिल म्हणाला.

बुधवारी बाईंना आणायला मी गेले. कॉफीला चला म्हटलं.

"तुझ्या कॉफीला कोण येतं?" असं म्हणत त्यांनी कोट चढवला.

थोरकिल या वेळी एक शब्द गोड बोलला नाही. बाण दाबत राहिला. पहिली दोन घरं बाईंनी हळू सांगितली. दहाव्या घरापर्यंत त्यांना वेग आला, विसाव्याला मला लिहून घेणं जमेना.

"थांब," त्या एकदम म्हणाल्या. "हा लोहार इथे कसा? आधी सुतार, मग लोहार. दोन वर्षं तू मला इथे उलटं नेतोयस. मी आपली गुपचूप मागे वळते."

थोरकिलने कागद तपासला. "खरंय. आकडे माझेच चुकलेत."

"म्हणजे गेल्या वेळीही घरांची फिरवाफिरव झाली होती?"

"सगळ्याच घरांची. मशीनने केली. सांगितलं होतं."

बाईंनी माझ्याकडे फोन मागितला.

"लोने? उद्याचं रद्द कर. आणि तो अर्जही. नाही गं, बरीबिरी काही झाले नाही. मी आजारी नव्हतेच."

थोरकिल उठून खिडकीपाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून हीटर तपासायला लागला. हीटरला काही झालं नव्हतं.

"थोरकिल," बाई म्हणाल्या, "स्टेशन अजून लांब आहे."