दहा जणांना पाठवा

लातूरच्या ट्यूशनवाल्या गल्लीत माझा नेट कॅफे होता, आणि रविवारी चर्चमध्ये मी पेटी वाजवायचो. म्हणजे आमच्या मंडळीला इंटरनेट लागलं तरी मीच आणि गाणं लागलं तरी मीच! अशा माणसाकडे किस्से आपोआप साठतात. डिलीट करू म्हटलं तरी होत नाहीत.

त्यातले बरेचसे एकाच मेलचे आहेत. वर येशूचं चित्र, भोवती गुलाब आणि खाली दम: ‘ही मेल दहा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल. डिलीट केलीत तर संकट कोसळेल!’

*

पहिला बळी आमचे एलियाकाका. एसटीतून रिटायर झालेले, चर्चचे पंच.

“दाविद, दहा जण कुठून आणू रे? आपल्या मंडळीत मेलवाले दहा न्हाईत!”

मग त्यांनी दुपारभर बसून स्वतःच्याच नावाने दहा नवीन खाती उघडली. एलिया एक, एलिया दोन, असं करत थेट एलिया दहा. सगळ्यांना मेल पाठवली, घाम पुसला आणि म्हणाले, “सुटलो बाबा!”

दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत हजर.

“घात झाला रे! आता दहाच्या दहा एलियांना मेल आलीय. त्या प्रत्येकानं दहा जणांना पाठवायची!”

*

बारावीच्या निकालाआधी तर गल्लीतली सगळी पोरं फॉरवर्ड करायची. नांदेडची, उदगीरची, निलंग्याची. त्यात जातधर्म काही नव्हता. आमच्या चर्चचे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, एकदा प्रिंट काढायला आले होते. शेजारी कंधारची एक मुलगी घाईघाईने पत्ते टाकत होती. साहेबांनी तिला समजावलं की पोरी, देव असा धमक्या देत नसतो.

ती म्हणाली, “मग सर, मेलऐवजी प्रार्थना केली तर चालंल का?”

“चालंल की! पण अभ्यासाऐवजी दोन्ही चालत न्हाई!”

*

शेवटी साहेबांनी उपदेशातच विषय घेतला. “ज्यानं तुमच्यासाठी जीव दिला, तो दहा मेलसाठी तुमच्यावर डूख धरंल का? विश्वास हाय तर भीती कशाला? तोडा ही साखळी!” लोकांना तो उपदेश लई आवडला. कुणीतरी तो टाइप करून मेलवर टाकला.

बुधवारपर्यंत तो साहेबांकडेच फिरून आला. खाली कुणीतरी जोडलं होतं: ‘हा उपदेश दहा जणांना पाठवा. एका बाईने पाठवला नाही, तिची म्हैस आटली!’

साहेबांनी ते वाचून खुर्ची मागे सारली. मग म्हणाले, “चहा सांग.”

*

एका मेलवर मात्र कुणीच हसलं नाही. त्यात लिहिलं होतं की एका माणसाने मेल डिलीट केली आणि भूकंपात त्याचं घर बसलं. आता हे कुठल्याही गावात वाचलं जाईल, पण आमच्याकडे वाचायचं म्हणजे? किल्लारीच्या त्या पहाटेनंतर पाळकसाहेबांनी, तेव्हा ते तरुण होते, ढिगारे उपसले होते. रविवारी त्यांचा आवाज चढला. “ते झोपेत गेले. त्यांनी कुणाची साखळी तोडली होती?”

पुढच्या बाकावर सिस्टरबाई बसल्या होत्या. सरकारी दवाखान्यातल्या नर्स. बहीण आणि मेहुणे भूकंपात गेले, तेव्हा त्यांचं लहान पोर, अमोल, त्यांनी घरी आणलं. स्वतः लग्न केलं नाही. याच गल्लीतल्या क्लासला त्याला घातलं, इंजिनियर केलं. आता तो अमेरिकेत होता.

उपासना संपल्यावर त्या साहेबांना म्हणाल्या, “बरं बोललात. माझ्या बहिणीला तर लिहिताबी येत नव्हतं.”

*

सिस्टरबाई दर शनिवारी कॅफेत यायच्या. “दाविद, पोराचं काही आलंय का रे?”

अमोलचा फोन येणं कधीचं बंद झालं होतं. त्याने स्वतः लिहिलेली ओळ येऊनही वर्ष उलटलं होतं. यायचं ते फक्त फॉरवर्ड. गुलाब, येशू, दहा जण, संकट. मला ते वाचून दाखवायची लाज वाटायची. त्या मात्र पदर सावरून नीट ऐकायच्या. एकदा मी न राहवून म्हणालो, “मावशी, ह्यात अमोलचं काहीच नाही हो.”

“असू दे. दहा माणसं काढायला बसला तवा त्यात मी निघाले ना?”

मी तीच मेल त्यांना पुन्हा एकदा वाचून दाखवली.

*

त्याच सुमारास साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, अशी मेल आली की पाठवणाऱ्याला एकच उत्तर द्यायचं: ‘आम्ही देवावर विश्वास ठेवतो. आम्हाला भीती नाही. पुन्हा पाठवू नका.’ शनिवारी ते स्वतः कॅफेत बसून लोकांकडून ते करवून घेत होते. सिस्टरबाई आल्या. अमोलची मेल होतीच. मी उत्तर टाइप करायला घेतलं.

“थांब,” त्या म्हणाल्या. “भीती न्हाई, असं लिहू नको. मला लई भीती वाटते. आन् पुन्हा पाठवू नको, असं तर मुळीच लिहू नको.”

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. “मग काय लिहायचं, सिस्टर?”

“जेवलास का, एवढंच लिहा. आन् दहा जणांना न्हाई, त्या एकट्यालाच दहा वेळा पाठवा.”

मी पाठवत गेलो. साहेब शेजारी बसून बोटांवर मोजत होते.

पुढच्या शनिवारी सिस्टरबाईंच्या आधी साहेबच येऊन बसले होते. मी मेल उघडली. गुलाब नव्हते, येशू नव्हता, पत्त्याच्या रांगेत दुसरं कुणाचं नाव नव्हतं. सिस्टरबाईंनी चष्मा लावला आणि मला बाजूला सारून स्वतःच वाचलं. छोटीच होती, पण वाचायला त्यांना फार वेळ लागला.

साहेबांना राहवेना. “काय लिहिलंय हो?”

सिस्टरबाईंनी हाताने स्क्रीन झाकली आणि मला म्हणाल्या,

“दाविद, ही मातर कुणालाच पाठवू नको.”