दोघांची बोट

अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतलं घर सोडायचंय म्हणून आज जुना खोका उघडला आणि रबराचा वास आला. त्या वासासरशी दुबईच्या देरा बाजारातलं ते दुकान आठवलं.

बाबा तेव्हा व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे आले होते. गावच्या धरणात मासे धरायला त्यांना हवा भरायची बोट हवी होती. आधी ते गळांपाशीच रमले. एकेकाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघत म्हणाले, "हे समुद्राचे. गोड्या पाण्याला एवढे जाड नकोत."

मग दुकानदाराने विचारलं, "बोट कितने आदमी का?"

"दो," मी म्हणालो.

"एकट्याची घे रे, हलकी असते," बाबा म्हणाले.

मी हट्टाने दोघांचीच घेतली. परतीच्या दिवशी विमानतळावरच्या काट्यावर त्यांचं सामान पंधरा किलो जास्त भरलं.

"बोट राहू दे. सुट्टीला येताना आण," बाबा म्हणाले.

दर सुट्टीत माझी बॅग कपड्यांनी, चॉकलेटांनी भरली. बाबा काठावरूनच गळ टाकत राहिले. मागच्या वर्षी ते गेले.

मी कधी सोबत बसणार नाही, हे त्यांना दुकानातच ठाऊक होतं. एकट्याची घेतली असती, तर ती त्यांच्यापर्यंत पोचली तरी असती.