साधं पेट्रोल

मास्तरांनी आयुष्यात कुठल्याच शाळेत शिकवलं नव्हतं. दहावीला गणितात गटांगळी खाल्ल्यावर ते जे गॅरेजात शिरले ते पस्तीस वर्षं तिथंच होते. तरी अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. कारण स्कूटरचा प्लग साफ करायला कुणी आलं, की प्लगला हात लावायच्या आधी ते प्लग म्हणजे काय, तो काळा का पडतो आणि त्यात गिऱ्हाइकाचा स्वतःचा दोष किती, हे सगळं सांगायचे. घाईतली माणसं दुसऱ्या गॅरेजात जायची. उरलेली मान डोलवायची. मान डोलवणारी माणसं मास्तरांना फार आवडायची, आणि पुढे त्यांचा घात झाला तो याच आवडीने.

पन्नाशीला टेकल्यावर त्यांना एक वेड लागलं. एका वीटभट्टीच्या शेडमध्ये चाळीस वर्षांपूर्वीची मोटोक्रॉसची गाडी पडली होती. चिखलातून, उंचवट्यांवरून उड्या मारत शर्यतीत पळवायची गाडी; तिला ना दिवा, ना हॉर्न, ना नंबरप्लेट. सीटवर कोंबड्या बसत होत्या. मालक म्हणाला, न्यायची तर न्या, जागा तरी मोकळी होईल. मास्तरांनी ती हातगाडीवर घालून घरी आणली तेव्हा बायको दारातच उभी होती.

"गॅरेजात लोखंड कमी पडलं होतं का?" एवढंच ती म्हणाली.

पुढची दोन वर्षं मास्तरांचे सगळे रविवार त्या गाडीने खाल्ले. फ्रेम घासून रंगवली, चाकांच्या तारा एकेक करून बदलल्या, टाकीत साखळीचे तुकडे घालून ती तास-तास हलवून आतला गंज काढला. आणि जे पार्ट कुठंच मिळेनात ते मामांनी करून दिले.

मामा म्हणजे मागच्या बोळातले टर्नर, लेथच्या यंत्रावर लोखंड कातून पार्ट बनवणारे. खरं तर ते कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचेच होते. वय बहात्तर, अंगाने काटकुळे, बोलण्यात कंजूष. लेथवरचं काम पुरं झालं की ते फडक्याने पुसून हातात द्यायचे आणि म्हणायचे, "मोजून घे." कुणी मोजत नसे. पन्नास वर्षांत मामांचं माप चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मास्तरांच्या गाडीचं बोअरिंगही त्यांनीच केलं, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक केसाच्या अंशाने वाढवून त्यात नवा पिस्टन बसवून दिला. नाजूक काम. भोक सैल राहिलं तर इंजिन खडखडतं, घट्ट राहिलं तर पिस्टन तापून फुगतो आणि आतच अडकतो. मामांनी त्याला तीन दिवस घेतले. पहिल्या किकला गाडी चालू झाली तेव्हा मामा हसले होते, आणि मामा हसले ही बातमी मामींनी शेजारणींना जाऊन सांगितली होती.

जुन्या गाड्यांची शर्यत गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत होती. दोन फेऱ्या, प्रत्येकीत खाणीला पाच चकरा, अकरा गाड्या, चालवणारे सगळे चाळिशीपुढचे आणि त्यातले निम्मे ढेरपोटे. मास्तरांची बायको थर्मास घेऊन आली. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. पहिल्या फेरीत मास्तर चौथे आले, आणि गाडी परत येऊन उभी राहते न राहते तोच तिच्याभोवती पंधरा-वीस माणसं जमली. हा रंग कुठला, ही टाकी मूळचीच का, कोंबड्यांची गोष्ट खरी का.

मास्तरांना आणखी काय हवं होतं?

आता या जुन्या इंजिनाची एक गोम असते. त्यात ऑइलची वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून द्यावं लागतं. नुसतं पेट्रोल घातलं तर आत वंगण नाही, लोखंडावर लोखंड घासतं आणि पाच-दहा मिनिटांत खेळ खलास. हे मास्तरांनी किती गिऱ्हाइकांना बजावलं असेल याची गणती नाही. त्यांच्याकडे दोन सारखेच कॅन होते. एकात ऑइल मिसळलेलं, दुसऱ्यात चेन आणि प्लग धुवायला साधं. मिसळलेलं हिरवट दिसतं, म्हणून ओतताना धार बघायची, हा नियम मास्तरांनी स्वतःच घालून घेतला होता. त्या दिवशी डाव्या हाताने ते टाकीत ओतत होते आणि उजव्या हाताने हवेत पिस्टनचं चित्र काढत होते. वीस माना डोलत होत्या. धार कुणी बघितली नाही.

दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या चकरेला, उंचवट्यावर चढताना, इंजिन जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मास्तर थांबले नाहीत. खांद्याचं हाड मोडलं.

स्ट्रेचरवर घालताना कुणीतरी विचारलं, "झालं काय एकदम?"

"बोअर घट्ट राहिला," मास्तर कण्हत म्हणाले. त्या क्षणी त्यांना मनापासून तसंच वाटत होतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखं यापुढे फारसं काही नाही.

मामा शेजारीच उभे होते, हातात मास्तरांचं हेल्मेट. ते खाली बघून म्हणाले, "माझंच माप चुकलं असणार. गेजवरच्या रेघा हल्ली पुसट दिसतात मला."

तिसऱ्या दिवशी, हात गळ्यात बांधलेला, मास्तरांनी एका हाताने इंजिन उघडलं. पिस्टन चारी बाजूंनी ओरबाडला होता आणि आत ऑइलचा थेंब नव्हता. बोटाला काहीच लागेना. ते बघतच राहिले. तेवढ्यात शर्यतीचं सामान आवरणारी बायको म्हणाली, "अहो, हा हिरव्या पेट्रोलचा कॅन तर अर्ध्याहून जास्त भरलेला आहे. धुवायच्यातच खडखडाट झालाय."

मास्तरांच्या कानशिलांतून वाफ निघाल्यासारखं झालं. पस्तीस वर्षं लोकांना सांगत आलो तेच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. "राहू दे तिथंच," ते बायकोला म्हणाले.

संध्याकाळी मामा आले. बसले नाहीत. "पिस्टन दाखव जरा. कुठल्या बाजूने घासलाय ते बघू दे, म्हणजे मला कळेल कुठं चुकलो."

मामांनी तो पिस्टन हातात घेतला असता तर अर्ध्या मिनिटात सगळं समजलं असतं. पिस्टन मास्तरांच्या पाठीमागे, फडक्याखाली होता.

"भंगारात गेला, मामा," मास्तर म्हणाले. "जाऊ द्या हो. होतं असं."

होतं असं! स्वतःची चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालून वर त्याला मोठ्या मनाने माफ करायचं, याला काय म्हणावं? मामा मान हलवून निघून गेले. ज्याला सगळी गल्ली मामा म्हणायची त्याला मास्तरांनी खरोखरच मामा बनवलं. आणि त्या रात्री मास्तरांनी स्वतःची समजूत घातली, की म्हातारा स्वतःच कबूल करतोय तर आपण कशाला तोंड उघडा. चार दिवसांत विसरतील सगळे.

मामा विसरले नाहीत. आधी त्यांनी बोअरिंगचं काम घेणं बंद केलं. मग बारीक मापाचं कुठलंच काम घेईनात. मामींनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयाला डोळे चांगले आहेत. पण मामांचा विश्वास डॉक्टरपेक्षा मास्तरांवर जास्त. त्यांनी सायकल सोडली. मामी त्यांना रस्ता ओलांडताना दंडाला धरू लागल्या, आणि जो माणूस केसाचा शंभरावा भाग ओळखायचा तो भाजीवाल्याला नाणं देताना ते दोनदा उलटसुलट करून बघू लागला. हे मास्तरांनी गॅरेजातून डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं आणि स्कूटरखाली डोकं घातलं.

बोलायची संधी रोज होती. मास्तर दोनदा मागच्या बोळात गेले. एकदा मामी भेटल्या, म्हणाल्या, "तुम्ही अजून येता-जाता म्हणून बरं वाटतं हो त्यांना. दुसरा कुणी असता तर तोंड फिरवलं असतं." मास्तर चहा पिऊन परत आले. दुसऱ्यांदा ते बोळाच्या तोंडावरूनच फिरले.

सहा महिन्यांनी पुन्हा शर्यत आली. मास्तरांनी बोअरिंग दूरच्या एका कारखान्यात, कॉम्प्युटरच्या मशीनवर करून आणलं. पेट्रोल ओतताना एकही शब्द बोलले नाहीत. तिसरे आले, कप मिळाला. माइकवाल्याने हसत विचारलं, "मागच्या वेळी काय झालं होतं, मास्तर?" समोर दीडशे माणसं होती. मास्तरांनी ओठ उघडले, आणि त्यातून आलं ते असं, "बोअरमध्ये जरा गडबड राहिली होती."

समोरच्या रांगेत मामा होते. त्यांनीच सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून मास्तरांना कप बघवेना. बायकोने तो फळीवर ठेवला, त्यांनी पेटीत टाकला. गिऱ्हाइकांना काही समजावून सांगायला गेले की मध्येच गप्प व्हायचे. लोक म्हणाले, मास्तर सुधारले. बायको मात्र तसं म्हणाली नाही. एकदा जेवताना तिने सरळच विचारलं, "तो कॅन भरलेला होता, त्याचा आणि या गप्प बसण्याचा काही संबंध आहे का?"

मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. तिने हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाली, "मामांनी सोमवारी लेथ विकला. परवा. तुम्हाला कळलं नाही?"

मास्तर ताटावरून उठले. फडक्यात गुंडाळलेला पिस्टन गॅरेजातल्या खणातून काढला आणि भर दुपारी मागच्या बोळात गेले. दुकानाचं दार उघडंच होतं. लेथच्या जागी फरशीत चार बोल्ट वर आलेले होते आणि तेलाचा मोठा काळा डाग होता. मामा स्टुलावर बसून त्या डागाकडे बघत होते.

"मामा, माप बरोबर होतं. मी साधं पेट्रोल घातलं होतं."

त्यांनी पिस्टन पुढे केला. मामांनी तो घेतला, उजेडाकडे धरला, चारी बाजूंनी अंगठा फिरवला. नाकाशी नेऊन वास घेतला. मग खालच्या कडेवरचा बारीक कोरलेला आकडा चष्मा न लावता मोठ्याने वाचला. आणि पुन्हा एकदा वाचला.

"कधी कळलं तुला?"

"तिसऱ्या दिवशी."

"मी बघायला आलो होतो त्या दिवशी."

"हो."

"तेव्हा हा कुठं होता?"

"माझ्या मागे. फडक्याखाली."

मामांनी पिस्टन पुन्हा एकदा हातात फिरवला. मास्तर वाट बघत होते, की शिव्या देतील, पिस्टन फेकून मारतील. मारला असता तर बरं झालं असतं. लाज इतकी दाटून आली होती, की त्यांना मामांच्या चपलांशिवाय कुठंच बघता येईना.

"मामा, लेथ मी परत आणतो. ज्यांनी घेतला त्यांच्या पाया पडतो."

"लेथचं नंतर बघू," मामा म्हणाले आणि आत वळून हाक मारली. मामी हात पुसत बाहेर आल्या. "हिला सांग."

"काय?"

"मला सांगितलंस तेच. हिने सात महिने माझा दंड धरलाय."

मास्तरांनी मामींना सांगितलं. मामींनी डोळ्यांना पदर लावला आणि मास्तरांकडे न बघता आत गेल्या. ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. संपलं असं समजून मास्तर जायला वळले, तर मामा पायांत चपला सरकवत होते.

"चल."

"कुठं?"

"ज्यांना ज्यांना वाटतं मी आंधळा झालो, त्यांच्याकडे."

भर दुपारी दोघं बोळातून निघाले. मामा पुढे, कुणी दंड न धरता. पहिला वेल्डर. त्याने हातातली काच खाली ठेवली, ऐकलं, आणि "अरेरे" म्हणाला. ते कुणासाठी ते कळलं नाही. मग स्पेअर पार्टवाला. तिथं दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनीही ऐकलं. मास्तरांचा आवाज प्रत्येक दुकानात बसत चालला होता, आणि प्रत्येक दुकानात वाक्य थोडं छोटं होत होतं.

तिसरा रंगारी. तो शिडीवरून खाली उतरला. मास्तर म्हणाले, "त्या दिवशी इंजिन जाम झालं ते मामांमुळे नाही. मी घाईत साधं पेट्रोल घातलं. माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं."

रंगारी मान डोलवू लागला. मामांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"घाई नव्हती," ते मास्तरांना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. लेथवर काम मोजताना असायचा तसा होता. "आणि ध्यानात तिसऱ्या दिवशी आलं होतं. ते राहिलं. पुन्हा सांग."