तिने कबूल केलेली चोरी

सड्यावरच्या तळ्याची केस मी अजून विसरलेले नाही. मी शिपाई नव्हते, फौजदार तर नव्हतेच. नवरा पोलिसात होता. तो गेल्यावर बायकांच्या झडतीसाठी मला ठाण्यात ठेवलं. शिक्षण मराठी चौथी. संशयित बाई आणली की मला बोलावणं येई.

नाटे गावाच्या वर, सड्यावर म्हणजे सपाट कातळावर, एक मोठं तळं होतं. त्या साली थंडीत मुंबईचे एक वकील बायकामुलांना घेऊन तिथे तंबू ठोकून राहिले. खुर्च्या, ग्रामोफोन, छोटी होडी. गावोगावचे लोक बघायला जात. मीही गेले होते. निळ्या पाण्याकाठचे ते पांढरे तंबू बघत उन्हं उतरेपर्यंत तिथेच उभी राहिले.

एका सकाळी वकिलांची चार वर्षांची मुलगी काठावर निपचित सापडली. कपडे चिंब, नाकातोंडातून पाणी. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. हातातलं सोन्याचं कडं गेलेलं. आचाऱ्याने खबर दिली, की लाकूडफाटा आणणारी बाई तिथून पळताना दिसली. वकील म्हणाले, कडं काढून हिनेच पोरीला पाण्यात ढकललं.

बाई गावाबाहेरच्या वस्तीतली. त्या वस्तीला तळ्याला हात लावायची बंदी होती. गावातल्या कोणी वरून ओतलं तर पाणी मिळायचं.

"कडं कुठाय?" फौजदारसाहेब ओरडले.

"मी घेतलं."

"ठेवलंस कुठे?"

"हरवलं."

"आणि पोर पाण्यात कशी गेली?"

ती जमिनीकडे बघत राहिली. एक शिपाई म्हणाला, "गिळलंन की काय हिने!" बाकीचे हसले.

मला आत पाठवलं. दागिना लपवायच्या बायकांच्या जागा ठरलेल्या असतात, कनवट आणि अंबाडा. कनवटीला सुपारीचं खांड होतं. अंबाडा सोडला तर केस मुळापर्यंत ओले, आणि माझ्या बोटांना हिरवं शेवाळ लागलं. लुगडं मात्र कोरडं, बदललेलं. पदर सरकवला. मानेवर, खांद्यावर बारीक नखांचे ताजे ओरखडे. बुडणारं माणूस असं धरतं.

"अगो, तू तळ्यात उतरलीस?"

तिने माझं तोंडच दाबलं. "हळू बोल, बाय! माजं माहेर खाडीवरचं, मला पोहता येतं. पोर बुडत व्हती. हाताला धरून वडली तवा कडं सुटलं आसंल."

"मग सांग की तसं! तुरुंगात जाशील गो."

"मी येकटी जाईन. तळं बाटवलं म्हटल्यावर गाव आमची सगळी वस्ती पेटवील. तू चोरीच लिवायला सांग."

मी तिच्या केसांतलं शेवाळ पुसून अंबाडा परत बांधून दिला. ठाण्यात खुनी माणसं जवळून बघितली होती, पण न केलेली चोरी अशी अंगावर घेणारं कोणी बघितलं नव्हतं.

साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं.  त्यांनी बंदरावरच्या एका खारव्याला तळ्यात बुड्या मारायला लावल्या. कडं काठाजवळच्या गाळात मिळालं.

"पोर खेळता खेळता पडली आणि हातपाय मारत काठाला लागली," साहेबांनी वकिलांना सांगितलं.

"चार वर्षांची पोर? कोणाला फसवता?"

"वकीलसाहेब, पोर जिवंत आहे, कडं मिळालं. आता उलटतपासणी कोणाची घेणार?"

वकिलांनी दाराशी बसलेल्या बाईकडे पाहिलं. तिने पदर मानेभोवती घट्ट गुंडाळला होता. तरी कडेला नखाचा एक ओरखडा दिसतच होता. तो बघून ते म्हणाले, "माझी तक्रार नाही."

बाईला सोडलं तोवर पोर शुद्धीवर आली होती. आई तिला घेऊन ठाण्यात आली. पायरीवर त्या बाईला बघताच पोर कडेवरून दोन्ही हात पसरून तिच्याकडे झेपावली. समोर त्या तळ्याचं पाणी भरणारा सगळा गाव जमलेला. बाई झटकन मागे सरली आणि मोठ्याने म्हणाली, "कोनाची गो ही पोर? मी नाय वळखत." आणि पाठ फिरवून वस्तीच्या वाटेला लागली.

जो गप्प बसतो त्याने काहीतरी केलेलं असतं, असं आम्ही ठाण्यात धरून चालायचो. या केसनंतरही मी तसंच धरते. फक्त काय केलं, ते विचारायच्या आधी ठरवत नाही.